काकांची सायकल इटलीची नव्हे, वर्कसॉपची

ताई, तुमचे अकरा फोटो आणि मागाहून आलेला खालच्या नंबराचा फोटो, सगळे नीट पाहिले. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुमच्या काकांची सायकल ही इंग्लंडमध्ये वर्कसॉप या गावी फेब्रुवारी १९७४ मध्ये तयार झालेली रॅले आहे. मॉडेल बहुतेक ‘इंटरनॅशनल’. गाव आणि महिना याबद्दल मला शंका नाही. मॉडेलबद्दल रुपयातले चौदा आणे खात्री आहे. उरलेले दोन आणे तुम्हाला घरच्या घरी, एका स्क्रू ड्रायव्हरने मिळवता येतील.

तुम्ही लिहिलंत ते असं: काका १९७३ ते १९७८ मिशिगनमध्ये शिकायला होते, तिथे त्यांनी ही रेसिंग सायकल घेतली आणि परत येताना बाकीच्या सामानाबरोबर साताऱ्याला आणली. काही वर्षं चालवली, मग ती वाड्याच्या माळ्यावर गेली. मधे कधीतरी कुणीतरी ब्रशने काळा ऑइलपेंट मारला, त्यामुळे नाव, स्टिकर, रंग काहीच दिसत नाही. गावातल्या सायकलवाल्यांनी ‘हर्क्युलस असणार’ म्हणून सांगितलं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोटो बघून ‘इटालियन आहे, कँपाग्नोलो लिहिलंय’ असं म्हणत लगेच भाव सांगितला. आणि तुमच्या भाच्याने मागच्या गिअरवर जपानी कंपनीचं नाव वाचलं, म्हणून तो जपानी म्हणतोय. एकाच सायकलीला तीन देश मिळाले. सगळे प्रामाणिकपणेच सांगत होते, पण तिघांनीही सामान वाचलं, फ्रेम कुणीच वाचली नाही.

जुन्या रेसिंग सायकलीच्या बाबतीत हे एकदा मनाशी पक्कं करा. सायकलीची जात फ्रेमवरून ठरते. गिअर, क्रँक (पायडलचे दांडे), ब्रेक, हब, सीट हे सगळं बाहेरून विकत घेतलेलं असतं. कँपाग्नोलो ही इटलीतल्या विचेंझाची कंपनी. तुल्लिओ कँपाग्नोलो यांनी ती १९३३ साली सुरू केली आणि सत्तरच्या दशकात चांगली रेसिंग सायकल म्हटली की इंग्लिश, फ्रेंच, बेल्जियन, अमेरिकन, जपानी असे सगळे कारखानदार त्यांचंच सामान घालत. तुमच्या फोटोत मागचं चाक ज्या दोन पोलादी पट्ट्यांत बसतं त्या पट्ट्यांवरही, म्हणजे ड्रॉपआउटवर, कँपाग्नोलो असं उठावदार नाव आहे. पुण्याच्या गृहस्थांनी बहुधा तेच पाहून इटली ठरवली. ड्रॉपआउट फ्रेमला झाळलेले असतात, त्यामुळे ते फ्रेमचाच भाग वाटतात हे खरं. पण तेही घडीव तुकडे म्हणून विचेंझाहून खोक्यातून यायचे आणि जो तो कारखाना ते आपल्या नळ्यांना झाळायचा. त्यावरून फ्रेम महागातली आहे एवढं कळतं, ती कुठली आहे ते कळत नाही.

मग फ्रेम कशी वाचायची? मी सुरुवात नेहमी पायडलापासून करतो. क्रँकचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो ते बी.बी. (बॉटम ब्रॅकेट) शेल. त्याला दोन्ही बाजूंनी आटे पाडलेले असतात आणि त्यात छऱ्यांचे कप बसतात. हे आटे प्रत्येक देशाचे वेगळे होते. रंग बदलता येतो, स्टिकर बाजारात नवे मिळतात, पण आटे कुणी हौसेने बदलत नाही. इंग्लिश आटे १.३७० इंच व्यासाचे, इंचाला २४. शेलची रुंदी ६८ मिलिमीटर. उजवा कप, म्हणजे चेनकडचा, उलट्या आट्याचा. इटालियन आटे ३६ मिलिमीटरचे, तेही इंचाला २४, पण शेल ७० मिलिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. फ्रेंच ३५ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर, शेल ६८, दोन्ही बाजू सरळ. स्विस हे फ्रेंचांसारखेच, फक्त उजवा कप उलट्या आट्याचा.

तुमच्या सायकलीत ही परीक्षा काही न खोलता झाली. फोटो क्रमांक ७ मध्ये डाव्या कपाच्या तोंडावर तेलाच्या थराखाली अक्षरं दिसत होती. तुम्ही रॉकेलच्या फडक्याने ती पुसलीत आणि ‘१.३७० × २४’ असं स्पष्ट उमटलं. कँपाग्नोलो आपल्या कपांवर माप कोरून ठेवत असे. कप इटलीत बनला, पण इंग्लिश फ्रेमसाठी बनला. याच जागी ३६ × २४ असं निघालं असतं तर इटलीचा विचार करावा लागला असता. त्यातही एक खाच आहे. इंग्लिश शेलचे आटे झिजले तर काही कारागीर ते मोठे करून इटालियन मापाचे पाडून देतात. तेव्हा कपावर ३६ असलं तरी शेलची रुंदी मोजायचीच. तुम्ही शेलच्या कडेचा रंग काढून मोजलीत, ती ६८ भरली. दोन्ही खुणा एकच सांगतायत.

इथे एक कळकळीची विनंती. गावात कुणालाही अजून हे कप खोलू देऊ नका. उजवा कप उलट्या आट्याचा आहे, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. सवयीने दुसरीकडे जोर लावला की तो अजून घट्ट होत जातो आणि शेवटी पाना सटकून कपाची कड जाते. मी हा धंदा शिकत होतो तेव्हा माझ्या हातून याहून वाईट गोष्ट झाली होती. एक नॉटिंगहॅमची जुनी रॅले आली होती, कप झिजलेले. मी दुकानातले इंग्लिश मापाचे नवे कप घेतले, दोन आटे हाताने फिरले, पुढे जड लागलं. मला वाटलं गंज असेल. लांब पाना लावला आणि दाबून बसवला. बसला खरा, पण शेलचे आटे चिरडून. रॅलेच्या नॉटिंगहॅमच्या कारखान्याचे आटे इंचाला २४ नसून २६ असत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांची सायकल होती ते आजोबा काही बोलले नाहीत, नुसता शेलवरून हात फिरवला. तेव्हापासून आटे मोजायचं गेज माझ्या खिशात असतं, पेनसारखं.

तो २६ चा आकडा तुमच्या सायकलीच्या बाबतीत फार कामाचा आहे. रॅलेचा मुख्य कारखाना नॉटिंगहॅमला. तिथे नळीपासून नटापर्यंत पुष्कळ काही घरचंच बनायचं, म्हणून मापंही घरची. बी.बी.चे आटे २६, चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) वरच्या टोकाचे आटेही २६, शेलची रुंदी बहुतेक ७१ मिलिमीटर. पण रॅलेच्या वरच्या दर्जाच्या रेसिंग सायकली नॉटिंगहॅमच्या त्या मोठ्या कारखान्यात होतच नसत. कार्लटन नावाची एक लहान कंपनी १८९८ मध्ये कार्लटन-इन-लिंड्रिक या खेड्यात सुरू झाली होती आणि १९३० च्या दशकात ती जवळच्या वर्कसॉपला गेली. हलक्या, हाताने झाळलेल्या रेसिंग फ्रेम ही तिची ओळख. १९६० साली रॅलेने कार्लटन विकत घेतली आणि त्यानंतर आपल्या उत्तम फ्रेम वर्कसॉपमध्येच बनवून घेतल्या. तिथे आटे सर्वसाधारण इंग्लिश मापाचे, म्हणजे २४ चे. त्यामुळे सायकल सत्तरच्या दशकातली रॅले असेल आणि आटे २४ चे असतील, तर वर्कसॉपचा विचार आधी करायचा.

आता नंबर. हा भाग तुम्ही फार सुंदर केलात. सायकल उलटी करून, तारेचा ब्रश न लावता, रॉकेलने मळ काढून त्यावर रांगोळी चोळलीत आणि फुंकर मारलीत. कोरलेल्या खाचांत पांढरी पूड बसली आणि अक्षरं वर आली. लोक इथे सँडपेपर मारतात आणि पन्नास वर्षं टिकलेला पुरावा पाच मिनिटांत घालवतात. तुम्ही नंबर ‘एम’ने सुरू होतो असं लिहिलं आहे. फोटो फिरवून बघा. उलट्या सायकलीच्या कोणत्या बाजूला उभं राहून वाचतो त्यावर ‘एम’चा ‘डब्ल्यू’ होतो. बाकीचे आकडे सुलटे दिसतील अशा बाजूने वाचलं तर सुरुवात ‘डब्ल्यू बी ४’ अशी आहे.

रॅलेने १९७३ पासून नंबर टाकायची एक पद्धत ठेवली होती. पहिलं अक्षर कारखान्याचं. ‘एन’ म्हणजे नॉटिंगहॅम, ‘डब्ल्यू’ म्हणजे वर्कसॉप. दुसरं अक्षर महिन्याचं. ‘ए’ जानेवारी, ‘बी’ फेब्रुवारी. पुढे मधली काही अक्षरं गाळलेली आहेत, म्हणून सरळ ए-बी-सी मोजत गेलात तर चुकाल. त्यानंतरचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक. आता ४ म्हणजे १९७४ की १९८४, असा प्रश्न येतो. वर्कसॉपचा कारखाना १९८१ मध्ये बंद झाला, तेव्हा १९८४ होऊच शकत नाही. राहिलं फेब्रुवारी १९७४. काका १९७३ च्या अखेरीस तिकडे पोहोचले, असं तुम्ही म्हणता. म्हणजे पहिला हिवाळा सरल्यावर त्यांनी ही नवी कोरी घेतली असावी.

ते दिवस अमेरिकेत सायकलीच्या लाटेचे होते. १९७३ या एका वर्षात तिथे दीड कोटीहून जास्त सायकली खपल्या आणि मोठ्या माणसांनी, विशेषतः कॉलेजच्या पोरांनी, दहा गिअरच्या रेसिंग सायकली घेतल्या. इंग्लंड, फ्रान्स, इटली, जपान, जिथून मिळेल तिथून माल येत होता. वर्कसॉपवर त्या मागणीचा ताण पडला आणि तो कामात दिसतो. तुमच्या फोटो ९ मध्ये चिमट्याच्या डोक्याजवळ झाळकामाचा एक ओघळ तसाच राहिलाय आणि लगच्या, म्हणजे दोन नळ्या जुळवणाऱ्या पोलादी बाहीच्या, कडेला कानशीचे ओरखडे आहेत. त्याच कारखान्याच्या आधीच्या फ्रेम मी हाताळल्या आहेत, त्यांची सफाई याहून चांगली असते. पण त्यामुळे सायकल कमी दर्जाची ठरत नाही. नळ्या उत्तम आहेत, सांधे पक्के आहेत. घाईत असलेल्या चांगल्या कारागिराचा हात आहे हा.

नळ्यांचं कसं कळलं ते सांगतो, कारण स्टिकर तर काळ्या रंगाखाली गेलाय. तुम्ही सीटची दांडी बाहेर काढलीत, तिच्या खालच्या टोकाला २७.२ असा शिक्का आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ नावाची पोलादी नळी १९३५ पासून बाजारात होती आणि पुढची चाळीसेक वर्षं रेसिंग फ्रेमला तिच्याइतका मान क्वचितच कुठल्या नळीला मिळाला. तिचा भारी प्रकार बटेड असतो, म्हणजे सांध्यापाशी भिंत जाड आणि मधे पातळ. सीटची नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर आणि आत २७.२ ची दांडी बसते, याचा अर्थ भिंत अगदी पातळ. साध्या, जाड भिंतीच्या नळीत इतकी जाड दांडी शिरतच नाही, २६ च्या आसपासची लागते. व्हर्नियर नसेल तर बाहेरचं माप कागदाच्या पट्टीने काढता येतं. वहीच्या कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळायची, जिथे टोक येईल तिथे टाचणीने भोक पाडायचं आणि पट्टी सरळ करून मोजायची. इंग्लिश किंवा इटालियन नळी साधारण ९० मिलिमीटर भरते. जुनी फ्रेंच नळी २८ मिलिमीटरची, ती ८८ भरते. मोजण्यापूर्वी तेवढ्या जागेचा जाड ऑइलपेंट मात्र काढावा लागतो, नाहीतर सगळ्याच नळ्या इंग्लिश निघतात. नळीला टिचकी मारून आवाजावरून ५३१ ओळखणारे लोक मी पाहिले आहेत. माझा त्यावर विश्वास नाही. रंगाचे थर, आतला गंज, दांडी किती खोल आहे, यांनी आवाज बदलतो.

मॉडेलकडे येऊ. १९७४ साली अमेरिकेत रॅलेच्या रेसिंग घडणीच्या सायकलींची एक उतरंड होती: रेकॉर्ड, ग्रां प्री, सुपर कोर्स, ग्रान स्पोर्ट, काँपिटिशन, इंटरनॅशनल आणि सगळ्यात वर प्रोफेशनल. आतापर्यंतच्या खुणांनी खालच्या पायऱ्या गळाल्या. खालच्या दर्जात ना सगळी फ्रेम बटेड ५३१ ची, ना हे घडीव ड्रॉपआउट. वर्कसॉपच्या तीन राहतात: काँपिटिशन, इंटरनॅशनल, प्रोफेशनल.

इथे तुमच्या फोटो ४ ने मला जागेवरून उठवलं. हँडलखालच्या सांध्याचा, वरच्या लगचा तो जवळून काढलेला फोटो. या बाहीची कड नक्षीदार असते. तिच्या टोकाशी काळा रंग नखाएवढा उडालाय आणि खाली चकाकतंय. मला आधी उघडं पोलाद वाटलं. पण साताऱ्याच्या पावसाळ्यात उघडं पोलाद चाळीस वर्षं चकाकत राहत नाही, लाल होतं. तो क्रोम आहे. मग मी चिमट्याची खालची टोकं आणि मागच्या नळ्यांची टोकं मोठी करून पाहिली. तिथेही रंगाच्या भेगांत तीच चमक. लगना क्रोम, चिमटा अर्धा क्रोम, मागच्या नळ्या अर्ध्या क्रोम, ही इंटरनॅशनलची घडण. काँपिटिशनचे लग रंगवलेले असत.

प्रोफेशनल नाही हे आणखी दोन गोष्टींवरून कळतं. तिच्या मागच्या वरच्या दोन नळ्या सीटच्या बोल्टपाशी बारीक होत जाऊन लगच्या पाठीला भिडतात. तुमच्या सायकलीत त्या लगच्या दोन्ही बाजूंना येऊन बसल्या आहेत. दुसरं, ड्रॉपआउटवर मडगार्ड बसवायची भोकं आहेत. प्रोफेशनल निव्वळ शर्यतीची सायकल, तिला मडगार्डशी कर्तव्य नव्हतं. ब्रेकही हेच सांगतात. तुमचे ब्रेक मधून ओढणारे वाइनमनचे आहेत. त्या साली प्रोफेशनलला ब्रेकसुद्धा कँपाग्नोलोचे असत, इंटरनॅशनलला क्रँक आणि गिअर कँपाग्नोलोचे आणि ब्रेक वाइनमनचे. पण ब्रेकचा पुरावा मी दुय्यम मानतो, कारण ब्रेक बदलायला अर्धा तास पुरतो.

आता भाच्याचा जपानी गिअर. त्याने वाचलं ते बरोबरच आहे. मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, सनटूर या जपानी कंपनीचं आहे, लांब पिंजऱ्याचं. ते सायकलीबरोबर आलेलं नाही आणि नेमकं कधी बसवलं तेही बरंचसं कळतं. डिरेलरच्या पाठीमागे, आऱ्यांकडे तोंड असलेल्या भागावर दोन बारीक अक्षरं ठोकलेली आहेत, ‘टी एफ’. सनटूरच्या पद्धतीत पहिलं अक्षर वर्षाचं. ‘आर’ १९७५, ‘एस’ १९७६, ‘टी’ १९७७, असं ‘झेड’ म्हणजे १९८३ पर्यंत, मग १९८४ ला पुन्हा ‘ए’. दुसरं अक्षर महिन्याचं, ‘ए’ ते ‘एल’, इथे एकही गाळलेलं नाही. म्हणजे हे डिरेलर जून १९७७ मध्ये बनलं. शिमानो या दुसऱ्या जपानी कंपनीचीही अशीच दोन अक्षरं असतात, पण तिथे ‘ए’ म्हणजे १९७६. दोन कंपन्यांची सरमिसळ केली की वर्षं भलतीकडे जातात, म्हणून कुणाचं सामान आहे ते पाहूनच अक्षर वाचायचं.

काका १९७८ ला परतले. तेव्हा १९७७ च्या उन्हाळ्यानंतर आणि परतण्यापूर्वी कधीतरी त्यांनी मूळचं कँपाग्नोलो डिरेलर काढून हे बसवलं असावं. का, याचा माझा अंदाज सांगतो. मूळच्या छोट्या पिंजऱ्याच्या डिरेलरला मागची मोठी चक्रं झेपत नाहीत. सनटूरची रचना तिरप्या चौकोनाची होती, १९६४ सालची. त्यामुळे ते प्रत्येक चक्राच्या जवळून जायचं आणि गिअर फार हलका पडायचा. पुढे त्या कंपनीचं पेटंट संपलं आणि तीच रचना सगळ्यांनी उचलली. फोटोतली मागची सर्वात मोठी चकती मी मोजली, ३२ दातांची दिसते. ही चढावाची तयारी आहे. मिशिगनपेक्षा ती साताऱ्याला शोभते. काकांनी घरी येण्याआधीच यवतेश्वरचा घाट मनात धरला होता की काय, हे तुमच्या घरातलंच कुणीतरी सांगू शकेल. म्हणून हे डिरेलर काढून ‘मूळचं’ शोधत बसू नका, असं मी आवर्जून सांगेन. ते काकांनी बसवलेलं आहे, तोही इतिहासच आहे. मात्र माळ्यावर त्यांची हत्यारांची पेटी असेल तर तिच्यात एकदा बघा. लोक असं काढलेलं सामान टाकत नसत. कँपाग्नोलोचं ते मूळचं, ‘नुओव्हो रेकॉर्ड’ नावाचं डिरेलर सापडलं तर त्याच्यावर ‘पेटंट’ या शब्दापुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतील, ७३ किंवा ७४ असावेत.

सामानावरच्या तारखांचा उपयोग असा, एका मर्यादेतच, करायचा. एका भागाची तारीख त्या भागापुरती खरी. तीन-चार भाग एकाच वर्षाच्या आसपास आले आणि ते फ्रेमच्या नंबराशी जुळले, तर ते मूळचे. एखादा भाग तीन वर्षांनी नवा निघाला तर तो मागून घातलेला. आणि सगळे भाग फ्रेमपेक्षा दहा वर्षांनी नवे निघाले तर कुणीतरी रिकाम्या फ्रेमवर सायकल उभी केली आहे. तुमच्या मागच्या हबच्या लॉकनटवर ७३ आहे. फेब्रुवारी १९७४ च्या सायकलीला आदल्या वर्षाचा हब, अगदी चोख बसतं. पुढची रिम इथली स्टीलची आहे, ती सोडून द्या. चाकं सगळ्यात आधी बदलली जातात, त्यांच्यावरून मी कधीच काही ठरवत नाही.

गावातल्या सायकलवाल्यांनी हर्क्युलस का म्हटलं असेल तेही कळतं. आपल्याकडे ज्या रॅले, हर्क्युलस, बी.एस.ए. लोकांनी पाहिल्या त्या काळ्या, उंच, दांडीच्या ब्रेकच्या. त्यांतल्या कित्येक इंग्लंडच्या नव्हेतच. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासला टी.आय. सायकल्सने याच नावांच्या सायकली इथे बनवल्या. त्यामुळे कुणी ‘आजोबांची विलायती रॅले’ म्हणून आणतं तेव्हा नुसत्या नावावर जायचं नसतं. मागे तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब असेल तर त्याच्या कवचावर वर्ष आणि महिन्याचे आकडे असतात, तिथून सुरुवात करावी. पुण्यात असाल तेव्हा कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय बघून या. काळ्या रोडस्टर जवळून पाहिल्यात की तुमची सायकल त्या घराण्यातली नाही हे एका नजरेत दिसेल.

आता ते उरलेले दोन आणे. ज्याने काळा रंग मारला त्याने सामान खोललं नाही, जिथे ब्रश पोहोचला तिथे रंगवलं. फोटो २ बघा. खालच्या तिरप्या नळीवर गिअरच्या दोन छोट्या दांड्या आहेत, त्या एका पोलादी पट्ट्याने नळीला आवळल्या आहेत. काळा रंग त्या पट्ट्याच्या वरून गेलाय. म्हणजे पट्ट्याच्या खाली, बोटभर रुंदीच्या जागेत, वर्कसॉपचा मूळ रंग जसाच्या तसा आहे. आधी वायर ढिली करा. मग पट्ट्याच्या कडेने धारदार पातीने नुसती रेघ ओढा, म्हणजे रंगाचं पापुद्रं ओढलं जाणार नाही. स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने हळू सोडवा आणि पट्टा घसरवू नका, उचला. घसरवलात तर खाली रंगाऐवजी ओरखडा मिळेल. पुढच्या डिरेलरच्या पट्ट्याखालीही असंच सापडेल. तो रंग रॅलेच्या अमेरिकेतल्या १९७४ च्या कॅटलॉगमधल्या इंटरनॅशनलच्या रंगाशी जुळला की काही राहिलं नाही.

नळ्यांवरचा काळा रंग मात्र आता काढू नका, रंग काढायचं रसायन तर नकोच. खाली स्टिकर जिवंत असतील तर ते रसायन त्यांना आधी खाईल. मी असे थर काढतो तेव्हा चौदाशे नंबरच्या पुढचा पाणकागद, साबणाचं पाणी आणि दिवसाला तळहाताएवढी जागा, असं करतो. नाव बहुधा तिरप्या नळीवर असतं, ५३१ चं स्टिकर सीटच्या नळीवर वरच्या बाजूला. लगवरचा क्रोम तेवढा तुम्ही घरी उघडा करू शकता. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाची कड घ्या, कोमट तेल लावा आणि खरवडा. ऑइलपेंट क्रोमला नीट धरत नाही, पापुद्रे निघतात. लगची कड संपून नळी सुरू झाली की थांबायचं.

आणि पुण्याच्या गृहस्थांना सध्या इतकंच कळवा की सायकल विकायची नाही. पुढे विकलीत तरी तो भाव ‘इटालियन’ म्हणून सांगितलेला आहे, तो तसाही या सायकलीचा भाव नव्हे.

पट्टा उचललात की लगेच फोटो काढा, हात लावण्याआधी. उन्हात काढा, ट्यूबलाइटखाली रंग खोटा दिसतो. शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे मला माप कळेल. आणि हत्यारांच्या पेटीत काही निघालं तर तेही पुसू नका, आहे तसंच कागदावर मांडून त्याचाही एक फोटो पाठवा.